चार बोटं खाली केलेली सीट

कुणी अंगठा दाबला की माझी घंटी वाजते, तेवढंच काय ते माझं बोलणं. पण माघातल्या त्या रविवारी जे घडलं, त्यानंतर मला गप्प बसवत नाही. मी सायकल, निकेशची. मांडव्याहून निघून श्रीवर्धनला पोचायचं ठरलं होतं आमचं. बाकीच्या पोचल्या. मी मधेच राहिले, मुरूडच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात, एका पडवीत. तिथूनच सांगतेय.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. पंजाबातल्या कुठल्याशा कारखान्यात माझे भाग तयार झाले आणि उरणच्या एका दुकानात ते जोडले. दुकानात मी भिंतीला उलटी टांगलेली होते. येणारं गिऱ्हाईक चाक फिरवून बघायचं, किंमत विचारायचं आणि निघून जायचं. मग एके दिवशी निकेश आला. माणूस एवढा उंच की दारातून वाकून आत शिरला.

दुकानदाराने सीट बसवली, तर हा म्हणाला, “अजून वर.” आणखी वर केली, तर म्हणाला, “अजून थोडी.” शेवटी दुकानदार वैतागला आणि पाना त्याच्याच हातात देऊन मोकळा झाला. निकेशने आपल्या मापाने सीट बसवली, दोनदा बसून पाहिलं, सीटखालची नळी जिथवर वर आली तिथे, नटाला लागून, खिळ्याने एक रेघ ओढली आणि नट आवळला. त्यानंतर त्या नटाला कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा. सायकल मागा, देतो. सीटला हात लावाल तर याद राखा.

एकदा त्याच्या चुलत भावाने, गणराजने, हा कायदा मोडला. निकेशच्या घरी, कोळीवाड्यात आलो होतो. गणराजला बाजारात जायचं होतं, पाय पोचेनात, म्हणून त्याने सीट खाली केली आणि तशीच ठेवली. निकेशने ते पाहिलं आणि असा काही तमाशा केला की शेजारच्या बायका बाहेर आल्या. त्याची आई चंद्राबाई हसून हसून खाली बसली. “माझ्या लेकानं बायको पण एवढी जपली न्हाय,” असं ती म्हणाली, आणि आतून विनिता, म्हणजे निकेशची बायको, म्हणाली, “खरं हाय ते.”

निकेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर. राहायला उरणला, जिन्याखाली माझी जागा. विनिता आणि आई कोळीवाड्यात. जोडून सुट्टी मिळाली की आम्ही दोघं निघायचो. करंज्याहून तरीने खाडी पार, मग अलिबाग, मग किनाऱ्याकिनाऱ्याने घर. घराच्या अंगणात चाक लागलं की चंद्राबाई ओल्या हातांनी तशीच बाहेर यायची. बाई ठेंगणी. मी पडवीच्या खांबाला टेकवलेली असायचे आणि ती माझ्या सीटवर कोपर टेकून लेकाशी बोलत उभी राहायची. सीट तिच्या कोपराला अशी बरोबर लागायची की जणू तिच्याच मापाने केलीय. खाल्लंस का, हाडं निघालीत तुझी, कपडे कोण धुतं, सगळी चौकशी त्या कोपरावर रेलून व्हायची.

माझ्या हँडलवर जी हिरवी दोरी गुंडाळलेली दिसते ती तिचीच. निकेशच्या हाताला घाम येऊन हँडल निसटतं हे तिने ऐकलं आणि जाळी विणायची सुई घेऊन एका दुपारी बसली. जुन्या जाळ्याची दोरी अशी काही विणून बसवली की आजतागायत एक गाठ सुटलेली नाही. उरणच्या पोरांच्या सायकलींना परदेशी मुठी होत्या. मला त्यांचा कधी हेवा वाटला नाही.

निकेशचे वडील अलिबागच्या दवाखान्यात नेताना वाटेत गेले, मासळीच्या टेम्पोत, रेवदंड्याच्या पुलावर. अँब्युलन्स मागवली होती, ती पोचलीच नाही. तेव्हापासून दरवर्षी थंडीत निकेश मित्रांना गोळा करायचा आणि किनाऱ्याने सायकलफेरी काढायचा. गावोगाव थांबायचं, लोकांशी बोलायचं, आमच्या गावांसाठी अँब्युलन्स हवी म्हणून देणग्या मिळवायच्या. दुपारचं जेवण त्याच्या कोळीवाड्यात, हा नेम. फेरीच्या पुढे निकेश आणि मी. मला मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या भादव्यात त्याला ताप आला.

दोन दिवस कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी मित्रांनी धरून जिना उतरवला. जाता जाता माझ्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, दम लागला होता म्हणून. तेवढीच आमची शेवटची भेट. डेंग्यू होता असं नंतर कानावर आलं. मी आपली जिन्याखाली वाट बघतेय, आज येईल, उद्या येईल. आला तो सुजित, त्याच्याबरोबर कामाला असलेला त्याचा जिवलग मित्र, आणि त्याच्या हातात माझ्या कुलपाची चावी होती. चावी दुसऱ्याच्या हातात बघितली आणि मी सुन्न झाले. कुलूप उघडताना सुजित रडत होता. मला तर तेही करता येत नाही.

ह्या वर्षी फेरी काढायची की नाही यावर पोरांची बरीच बोलाचाली झाली. निघाली ती निकेशच्या नावाने. पांढरे टी-शर्ट छापले, पुढे निकेशचा हसरा चेहरा, खाली त्याचं नाव आणि ‘स्मरणार्थ’. सोबत सामान नेणाऱ्या टेम्पोला तसाच मोठा फलक. आणि ठरलं की निकेशची सायकल पुढे असलीच पाहिजे, सुजितने चालवायची. सुजित मनाने कितीही मोठा असला तरी उंचीने बेताचाच. आदल्या संध्याकाळी त्याने माझ्यावर बसून पाहिलं, पाय लटकले. तो बराच वेळ पाना हातात घेऊन उभा होता. मग “माफ कर, भाई,” असं हवेत कुणाला तरी म्हणून त्याने नट सैल केला आणि सीट चार बोटं खाली घेतली. निकेशची रेघ नळीबरोबर आत गेली. मला लाज वाटली, पण बिचाऱ्याचा नाइलाज होता.

मांडव्याच्या जेट्टीवरून उजाडताना निघालो. मुंबईहूनही काहीजण लाँचने आले होते. चोंढी, अलिबाग, रेवदंडा. गावोगाव लोक थांबायचे, टी-शर्टवरचा चेहरा बघायचे, हळहळायचे. रेवदंड्याच्या पुलावर सुजित उतरला आणि मला हाताने ढकलत पार नेलं. मागचे सगळेही उतरले. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या चढांवर माझी चेन कुरकुरत होती, पण माझं मन घराकडे लागलं होतं. चंद्राबाई कशी असेल? लेक गेल्यावर आईचं काय होतं ते मी जिन्याखाली उभी राहून पाहिलेलं नव्हतं. आज ती येईल, सीटवर कोपर टेकेल, मग आम्ही दोघी मिळून त्याची आठवण काढू, असं काहीबाही मनात चाललं होतं.

कोळीवाड्याच्या अलीकडे, बर्फाचा कारखाना आहे त्या वळणावर, गणराज रस्त्याच्या मधोमध उभा होता. दोन्ही हात वर. सुजितने ब्रेक दाबले. गणराजने येऊन माझं हँडलच धरलं.

“हे काय घातलंय तुमी?” तो म्हणाला.

“काय म्हणजे? निकेशच्या नावाने फेरी आहे ना,” सुजित म्हणाला. “फोनवर बोललो होतो आपण.”

“फेरी म्हनालास. जेवन म्हनालास. थोबाड छापून आणशील हे कुटं बोललास?” गणराजने मागे पाहिलं. वळणावरून एकेक सायकल येत होती, आणि प्रत्येकाच्या छातीवर निकेश हसत होता. “काकीला माहीत न्हाय.”

“काय माहीत नाही?”

“निकेश गेला ते.”

सुजितचा पाय रस्त्यावरून घसरला. मी जवळजवळ कलंडलेच. ऐकलं ते खरं वाटेना. पाच महिने? सख्खी आई, आणि तिला ठाऊक नाही?

गणराज भरभर सांगू लागला. भादव्यात निकेश आजारी पडला तेव्हा चंद्राबाई नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. म्हणून क्रियाकर्म उरणलाच उरकलं आणि ठरलं, दोन दिवस थांबू. दोनाचे चार झाले. अख्ख्या कोळीवाड्याने तोंड बंद ठेवलं. तिला सांगितलं, निकेश मोठ्या जहाजावर कामाला लागला, घाईने जावं लागलं, खोल दर्यात फोन लागत नाही.

शेतीवाडीच्या गावात हे खोटं आठवडाभर टिकलं नसतं. इथे टिकलं, कारण इथल्या बाईने आयुष्यभर हेच केलेलं असतं. पुरुष दर्यावर गेला की वाट बघायची. आणि दर्यावरच्या माणसाबद्दल सारखं विचारायचं नाही, वाईट तोंडातून काढायचं नाही, अशी रीत. चंद्राबाईने रीत पाळली. तिच्याच रीतीचा आडोसा घेऊन सगळ्यांनी तिला फसवलं. जीव वाचावा म्हणून केलं, हे मलाही कळतं. पण ऐकून माझी तार न तार ताठ झाली.

“आमाला वाटलं, तुमाला ठाऊक हाय,” गणराज म्हणाला. “आता परत जा.”

पण परत जायला उशीर झाला होता. कोळीवाड्यातून वाजंत्री ऐकू येत होती. जेवण तयार होतं. फेरी आली नाही तर चंद्राबाईच आधी विचारणार होती, कारण ती दरवर्षी वाढायला असते. मग गणराजनेच तोडगा काढला. टी-शर्ट उलटे घाला.

मी आजवर पुष्कळ पाहिलं, पण असं नाही. तीस-पस्तीस मोठी माणसं, त्यात बँकेतले साहेब, एक डॉक्टरीणबाई, सगळे बर्फाच्या कारखान्यामागे जाऊन आपापले टी-शर्ट काढून उलटे घालतायत. शिवणी बाहेर, चेहरा आत. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. टेम्पोवरचा फलक गुंडाळून चादरीखाली टाकला. गणराजने प्रत्येकाला बजावलं, निकेशचं नाव निघालं तर म्हणायचं, जहाजावर हाय. नीट पाहून घेतलं, एकही चेहरा बाहेर राहिला नाही ना. माझं हँडल त्याच्या हातात होतंच. माझ्याकडेही त्याने एकदा बघितलं आणि सुजितला म्हणाला, “सायकलीचं विचारलं तर सांग, तुज्याकडं ठेवून गेलाय.”

झालं. सगळी पक्की तयारी. आम्ही कोळीवाड्यात शिरलो.

दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातले होते. त्या वासाने मला घरी आल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटायला नको होतं त्या दिवशी. अंगणात मांडव घातलेला. विनिता पाण्याच्या कळशीपाशी उभी होती. हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. सासूसमोर वावरायचं तर दुसरं काय करणार होती ती? तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय, या पडवीत ऐकून ऐकून. पहिल्या आठवड्यातच चंद्राबाईने तिला विचारलं होतं, मग त्याची सायकल कुठे आहे? विनिताला काही सुचेना. ती बोलून गेली, सोबत नेलीय. जहाज एवढं मोठं असतं, वर फेऱ्या मारतो सायकलने. चंद्राबाईला ते इतकं आवडलं की दृष्ट लागेल म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. गणराजलासुद्धा नाही. पाच महिने ती मनातल्या मनात लेकाला जहाजावर सायकल चालवताना बघत होती.

आणि मी अंगणात आले.

चंद्राबाई चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं. आधी हँडलवरची हिरवी दोरी पाहिली, मग मला सगळीला पाहिलं. तिचं तोंड असं उजळलं की बघवेना.

“आला,” ती म्हणाली. “माजा निक्या आला. जहाज लागलं त्याचं.”

आणि ती धावली. हृदयाचं दुखणं असलेली म्हातारी, पदर सावरत, धावत आली. सुजित मला धरून उभा होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याच्या मागे, गर्दीच्या डोक्यांवरून, उंच माणूस शोधत होती. “लपलाय कुटं? मागं हाय का?” असं म्हणत तिने नेहमीच्या सवयीने माझ्या सीटवर कोपर टाकलं.

कोपर टेकलं नाही. सीट तिथे नव्हती. तिचा तोल गेला आणि ती माझ्यावर आदळली.

सुजितने सावरलं तिला. तिने त्याचा हात बाजूला केला. सीटकडे पाहिलं. नळीवर निकेशची रेघ दिसत नव्हती, चार बोटं आत गेली होती. नटाशी, जिथे रेघ असायची, तिथे तिने अंगठा ठेवला आणि तो तसाच वर सरकवत सीटपर्यंत आणला.

“कुणी खाली केली?” तिने विचारलं.

“मी, काकी,” सुजित म्हणाला. “माझे पाय पोचत नव्हते.”

“त्याला इचारलंस?”

वाजंत्री कधीच थांबली होती.

“तो कुणाला हात लावू देत न्हाय,” चंद्राबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज अगदी हळू झाला होता. मग ती विनिताकडे वळली. “तू म्हनाली होतीस जहाजावर नेली.”

विनिताच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

“कवा गेला?”

“भादव्यात, आई. गौरी गेल्यावर.”

गणराज गोळी आणि पाणी घेऊन धावला. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. चंद्राबाईने दोघांना हातानेच थांबवलं आणि पायरीवर बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. मीही तिच्या छातीकडेच बघत होते. आता काही होतंय, आता होतंय. पण ती हिशोब करत होती, महिन्यांचा.

“म्हंजे दसऱ्याला न्हवता तो. दिवाळीला न्हवता. दिवाळीला मी हिला नव्या बांगड्या भरल्या. संक्रांतीला लोकांच्या घरी हळदीकुंकवाला धाडली हिला, नको नको म्हनत होती तरी.” तिने वर पाहिलं. “गेलीस का गं तू?”

“नाही,” विनिता म्हणाली. “खडकावर जाऊन बसले होते अंधार पडेपर्यंत.”

“आनि रडायला? घरात तर मी होते.”

“बर्फाच्या कारखान्यामागे.”

चंद्राबाईने हात पुढे केला. विनिता येऊन तिच्या पायाशी बसली, आणि मग जो काही आवाज त्या दोघींनी काढला तो मी पुन्हा कधी ऐकू नये. पाच महिन्यांचं एकदम बाहेर आलं. अंगणातली माणसं उभ्या जागी रडत होती. गणराज खांबाला डोकं लावून. कोळीवाड्याला त्या दिवशी उघड रडायची मुभा मिळाली.

बऱ्याच वेळाने चंद्राबाईने पदराने तोंड पुसलं. समोर सुजित उभा होता. पांढऱ्या कापडातून आतल्या छपाईचा रंग उतरलेला दिसत होता, एक डोळा, थोडे केस.

“हे उलटं का घातलंय?” तिने विचारलं.

सुजितने तळहाताने तो डोळा झाकला.

“सरळ करा,” ती म्हणाली. “मला माजा पोर बघायचा हाय.”

सुजितने तिथेच टी-शर्ट काढला आणि सरळ करून घातला. मग त्याच्या मागच्याने. डॉक्टरीणबाई आणि बाकीच्या बाया आत जाऊन आल्या. बघता बघता अख्खं अंगण निकेशने भरून गेलं. चंद्राबाई उठली. ती प्रत्येकासमोर जाऊन थांबली, एकालाही वगळलं नाही. एकाच्या पोटावर कापड चुरगळलं होतं, ते तिने हाताने ओढून सारखं केलं.

“वाढा यांना,” ती शेवटी म्हणाली. “उपाशी जाऊ नका कुनी. त्याला चालत न्हाय.”

दुपार कलल्यावर फेरी पुढे गेली, फलक उलगडून. सुजित टेम्पोत बसला. जाण्याआधी त्याने पाना मागितला, माझी सीट पुन्हा निकेशच्या रेघेवर नेली आणि मला पडवीच्या खांबाला टेकवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसला तर ही वाचणार नाही. चंद्राबाई आहे. गोळ्या घेते, बोंबील उलथते, आणि संध्याकाळी माझ्या सीटवर कोपर टेकून उभी राहते. गणराजशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. “मरन माज्या पोराचं,” एवढंच एकदा म्हणाली, “आनि सगळ्यात शेवटी मला.”

मला अजून त्या दिवसाची धडकी आहे. तुम्हा माणसांना देवाने तोंड दिलंय. किती बोलता तुम्ही, रस्त्याने जाताना मी ऐकते ना. मग जे सांगायलाच हवं ते सांगायची वेळ आली की सगळे टी-शर्ट उलटे करून का उभे राहता? बातमी तुमच्या तोंडून गेली असती तर सोबत तुमचा हातही गेला असता तिच्या पाठीवर. मला हात नाहीत. मला फक्त सीट होती, आणि तीही खाली गेलेली. असलं काम पुन्हा कुठल्या सायकलीवर ढकलू नका, एवढीच हात नसलेलीची हात जोडून विनंती.

खाऱ्या हवेने माझी चेन लाल पडत चाललीय, चाकांतली हवाही गेली होती. मी अशीच खांबाला गंजत जाणार असं धरून चालले होते. काल सकाळी विनिता पडवीत आली, कपाळ मोकळं, हातात गणराजकडून आणलेला पंप आणि पाना. तिने दोन्ही चाकांत हवा भरली. मग नटापाशी हात नेला, आणि थांबली.

“आई,” तिने आत हाक मारली, “सीट खाली करू का?”

आत भांड्यांचा आवाज थांबला. चंद्राबाई उंबऱ्यात आली. तिने आधी त्या रेघेकडे पाहिलं, मग सुनेच्या पायांकडे.

“कर,” ती म्हणाली.